‘असुर’ आधी, ‘सुर’ नंतर

कोणतेही मराठी वृत्तपत्र उघडावे, ‘अज्ञात’ हा शब्द त्यात सापडतोच. अज्ञात वाहनाची धडक बसते, अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल होतो, आमदार अज्ञात स्थळी रवाना होतात. बातमीदार हा शब्द यांत्रिकपणे लिहितो आणि वाचकही त्यावरून नजर पुढे नेतो. पण हा शब्द जसाच्या तसा, म्हणजे त्याच उपसर्गासह आणि त्याच धातूसह, प्राचीन ग्रीकमध्ये ‘अग्नोतोस’ असा होता, लॅटिनमध्ये ‘इग्नोतुस’ असा होता आणि जुन्या इंग्रजीत ‘उन्कूथ’ असा होता. या शेवटच्या शब्दाचे आजचे रूप ‘अनकूथ’. त्याचा आजचा अर्थ ‘असंस्कृत, रांगडा’ असा असला तरी मूळचा अर्थ ‘अनोळखी’ एवढाच होता. ज्याला आपण ओळखत नाही तो माणूस गावंढळच असणार, अशी समजूत बहुधा सर्वच समाजांत असते. इंग्रजांनी ती शब्दाच्या अर्थात मुरवली इतकेच. हल्ली शहरातली मुले ‘त्याला इग्नोर कर’ असे म्हणतात. त्या ‘इग्नोर’मध्येही हाच नकार आणि हाच ‘ज्ञा’ आहे. ‘अज्ञान’ आणि ‘इग्नोर’ हे शब्द चुलत भाऊ आहेत, हे म्हणणाऱ्याला ठाऊक नसले तरी.

संस्कृत, ग्रीक, लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असे विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे १७८६ साली सांगितले होते. परंतु या एका उपसर्गाचे कोडे त्यानंतर नव्वद वर्षे सुटले नव्हते. संस्कृत आणि ग्रीकमध्ये तो ‘अ’, लॅटिनमध्ये ‘इन्’, जर्मन आणि इंग्रजीत ‘उन्’ किंवा ‘अन्’. अर्थ एक, जागा एक, मग आवाज इतके निराळे का? याचे उत्तर १८७६ साली कार्ल ब्रुगमन या तरुण जर्मन अभ्यासकाने दिले. मूळ भाषेत हा उपसर्ग म्हणजे केवळ एक ‘न्’ होता, मात्र स्वराचे काम करणारा ‘न्’. इंग्रज माणूस ‘बटन’ म्हणतो तेव्हा ‘ट’च्या पुढे स्वर जवळजवळ नसतो, ‘न्’ स्वतःच अक्षर होऊन बसतो. तसाच हा. असा अवघड ध्वनी फार काळ टिकत नाही. कोणी त्याच्या आधी ‘इ’ लावला, कोणी ‘उ’ लावला. संस्कृत आणि ग्रीक बोलणाऱ्यांनी ‘न्’ सोडून दिला आणि त्याच्या जागी नुसता ‘अ’ ठेवला. पुढे स्वर असला की मात्र गेलेला ‘न्’ परत दिसतो. म्हणून ‘अमर’ पण ‘अनंत’; म्हणून ग्रीकमध्ये ‘अ-तोमोस’, म्हणजे ज्याचे तुकडे होत नाहीत तो अणू, पण ‘अन्-आर्खिआ’, म्हणजे शास्ता नसलेली स्थिती. याच दोन शब्दांपासून इंग्रजीतले ‘अ‍ॅटम’ आणि ‘अ‍ॅनार्की’ आले.

पाणिनीने हीच गोष्ट आपल्या पद्धतीने नोंदवून ठेवली आहे. त्याच्या मते मूळ शब्द ‘न’. समासात त्यातील ‘न्’ जातो आणि ‘अ’ उरतो. पुढे स्वर असेल तर एक ‘न्’ नव्याने येतो. इतिहासाच्या दृष्टीने हा क्रम उलटा आहे, पण नियम म्हणून अचूक आहे. एक तपशील येथेच सांगितला पाहिजे. संस्कृत व्याकरणात जे बावीस उपसर्ग सांगितले आहेत (प्र, परा, अप, सम् आणि पुढचे), त्यांत हा ‘अ’ नाही. त्याचे नाव ‘नञ्’ आणि त्याचा संसार वेगळा. मराठी शालेय व्याकरणाने त्याला उपसर्गांच्याच पंक्तीत बसवले आणि ते व्यवहाराला पुरेसे आहे.

संस्कृत वैयाकरणांनी या नञाचे सहा अर्थ मानले. आपल्याला वाटते, नकार म्हणजे नकार. त्यात सहा प्रकार कसले? पण ‘अपाप’ म्हणजे पापाचा अभाव, ‘अधर्म’ म्हणजे धर्माचा नुसता अभाव नव्हे तर धर्माच्या विरुद्ध वागणे, आणि ‘अनश्व’ म्हणजे घोड्याहून वेगळे काहीतरी. त्यांच्या उदाहरणांतले सर्वांत देखणे उदाहरण ‘अनुदरा’ हे आहे. शब्दशः पाहिले तर पोट नसलेली मुलगी. अर्थ मात्र सडपातळ कमरेची. येथे नकार ‘नाही’ असे म्हणत नाही, ‘थोडे’ असे म्हणतो. ‘अमूल्य’ या आपल्या नेहमीच्या शब्दाकडे पाहा. मूल्य नसलेली वस्तू तर कवडीमोल असायला हवी. पण तिचे मूल्य करताच येत नाही, असा अर्थ आपण काही न शिकवता घेतो. ‘अनेक’ म्हणजे एक नव्हे. शून्यसुद्धा एक नव्हे, तरीही अनेक म्हणजे पुष्कळच.

नकाराच्या या छटा निरनिराळ्या ठेवण्यासाठी काही भाषांनी उपसर्गच निरनिराळे ठेवले. चिनीतून जपानीत गेलेली चार अक्षरे यासाठी पाहण्यासारखी आहेत. ‘फु’ म्हणजे न, ‘मु’ म्हणजे विना, ‘हि’ म्हणजे ते नव्हे, आणि ‘मि’ म्हणजे अद्याप नाही. अविवाहित या अर्थाचा जपानी शब्द आहे ‘मिकोन’, अर्थात ‘अजून लग्न न झालेला’. त्या ‘अजून’मध्ये सगळ्या नातेवाइकांचा घोर भरलेला आहे. लग्न न करण्याचे ज्यांनी ठरवूनच टाकले आहे त्यांच्यासाठी पुढे ‘हिकोन’ हा शब्द वापरात आला. मराठीतील ‘अविवाहित’ बिचारा या दोघांचेही काम एकट्याने करतो.

आपल्या शेजारच्या द्रविड भाषांचा मार्ग निराळाच आहे. शब्दाच्या आरंभी नकार चिकटवण्याची त्यांची मूळ रीतच नाही. कन्नडमधील ‘इल्ल’ किंवा तमिळमधील ‘इल्लै’ मागून येते, आणि ‘अन्याय’, ‘असाध्य’ अशा शब्दांतला ‘अ’ त्या भाषांत संस्कृत शब्दांबरोबर पाहुणा म्हणून आलेला आहे.

मराठीने संस्कृतचा हा ‘अ’ नुसता सांभाळला नाही, तर त्याला स्वतःच्या मातीतले शब्दही जोडले. ‘अनोळखी’, ‘अजाण’ ही त्याची उदाहरणे. ‘अनवाणी’ हा शब्द तर इतका घरगुती झाला आहे की त्यात उपसर्ग आहे हे जाणवतही नाही. पण ‘वहाण’ हे संस्कृत ‘उपानह्’चे रूप, आणि वहाणेशिवाय तो अनवाणी. याच्या उलट काही शब्दांत ‘अ’ दिसतो, पण त्याचा नकार लागू पडत नाही. ‘अचपळ’ म्हणजे चपळ नसलेला असे कोणी परक्याने शब्दकोशाशिवाय ठरवले तर तो फसेल. मराठीत अचपळ म्हणजे क्षणभर स्वस्थ न बसणारा. रामदासांनी करुणाष्टकांत मनाला हेच विशेषण लावले आहे. ‘अघोर’ हे शिवाचे नाव, त्याचा अर्थ ‘जो भयंकर नाही तो’, पण त्या नावाच्या पंथाची साधना पाहून लोकांना जे वाटले ते मराठीतील ‘अघोरी’ या शब्दात उतरले आणि अर्थाने पूर्ण कोलांटी घेतली. ‘अजानबाहू’ हे आणखी एक प्रकरण. मूळ शब्द ‘आजानुबाहू’, ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोहोचतात तो. त्यातील ‘आ’ म्हणजे ‘पर्यंत’. मराठी कानाने त्या दीर्घ ‘आ’चा ऱ्हस्व ‘अ’ केला, आणि वीरपुरुषाच्या वर्णनात ‘अजाण’पणाचा नसता भास शिरला. ‘अमावास्या’ या शब्दात तर नकार कधीच नव्हता. ‘अमा’ म्हणजे एकत्र. सूर्य आणि चंद्र एकत्र राहतात ती तिथी.

कानाची ही फसगत गमतीची वाटते, पण एका बाबतीत ती जिवावर बेतण्याजोगी ठरली. लॅटिनमध्ये ‘इन्’ नावाचे दोन उपसर्ग आहेत. एक नकाराचा, दुसरा ‘आत’ या अर्थाचा. ‘इन्फ्लेमेबल’ या इंग्रजी शब्दात दुसरा ‘इन्’ आहे. ज्वाळेत जाणारे, म्हणजे चटकन पेट घेणारे. परंतु ‘इनसेन’, ‘इनकरेक्ट’ अशा शब्दांना सरावलेल्या माणसाला हे ‘न पेटणारे’ असे वाटले तर त्याला दोष कसा द्यावा? पिंपावर धोक्याची सूचना म्हणून लिहिलेला शब्दच सुरक्षिततेची ग्वाही देतो, अशी ही अवस्था. म्हणून विसाव्या शतकात ब्रिटन आणि अमेरिकेत अग्निसुरक्षेचे काम पाहणाऱ्या संस्थांनी ‘इन्’ काढून नुसता ‘फ्लेमेबल’ शब्द वापरण्याचा आग्रह धरला. आपल्याकडच्या रस्त्यांवरून धावणाऱ्या पेट्रोलच्या टँकरांवर मात्र ‘हायली इन्फ्लेमेबल’ अजूनही रंगवलेले दिसते. त्याच्या शेजारी ‘ज्वालाग्राही’ असे लिहिले असेल तर बरे. तो शब्द कोणाला फसवत नाही.

संस्कृतच्या ‘अ’ला मराठीत फारसी-अरबीचे भागीदार मिळाले, हा आपल्या भाषेच्या इतिहासातला मोठा भाग आहे. ‘ना’, ‘बे’, ‘गैर’, ‘बिगर’. यांपैकी फारसी ‘ना’ हा संस्कृत ‘न’चा सख्खा नातेवाईक आहे, त्यामुळे ‘नालायक’ आणि ‘नास्तिक’ यांच्या आरंभी एकच जुना नकार उभा आहे, असे म्हणता येते. ‘बे’ म्हणजे विना. त्याने मराठीत जो मुक्त संचार केला तो थक्क करणारा आहे. ‘बेइमान’, ‘बेरोजगार’ हे शब्द तयार आले. पण ‘बेसूर’, ‘बेभान’, ‘बेचव’, ‘बेढब’ यांत पुढचा शब्द संस्कृत किंवा देशी आहे. ‘बिनधास्त’मध्ये उलट आहे. ‘बिन’ हे आपल्या ‘विना’चे रूप, आणि ‘धास्ती’ ही ‘दहशत’ची मराठमोळी सून.

मला यांत सर्वांत अर्थपूर्ण वाटतो तो ‘गैर’. अरबीत त्याचा अर्थ ‘नाही’ असा नाही, ‘अन्य, वेगळा’ असा आहे. हा मूळ अर्थ मराठीने फार चांगला जपला. ‘गैरसमज’ म्हणजे समज नसणे नव्हे. समज आहे, पण भलतीच आहे. निधीचा वापर न होणे वेगळे आणि गैरवापर होणे वेगळे. पहिल्यात पैसा पडून राहतो, दुसऱ्यात तो कुठे जातो हे शोधावे लागते. ‘गैरव्यवहार’ हा शब्द वर्तमानपत्रांचा लाडका आहे तो याच नेमकेपणामुळे. ‘अव्यवहार’ म्हणून चालले नसते, ‘बेव्यवहार’ म्हणूनही नाही. भाषाशुद्धीच्या चळवळीने ‘हजर-गैरहजर’च्या शेजारी ‘उपस्थित-अनुपस्थित’ आणून बसवले, पण ‘गैरसमज’ आणि ‘गैरसोय’ जागचे हलले नाहीत. आणि पोलिसांच्या कागदावर तर दोन्ही घराणी एकाच शब्दात नांदताना दिसतात. ‘अदखलपात्र’, ‘अजामीनपात्र’. आरंभी संस्कृत नञ्, मध्ये अरबी ‘दखल’ वा ‘जामीन’, शेवटी संस्कृत ‘पात्र’. पाणिनीने हे समास पाहिले असते तर त्याला नवे सूत्र रचावे लागले असते. आरोपीला मात्र त्या पहिल्या ‘अ’चा अर्थ कोणी समजावून द्यावा लागत नाही. घरी जायचे की कोठडीत, हा प्रश्न त्या एका अक्षरावर अवलंबून असतो.

जाता जाता एक इशारा, जुनी कागदपत्रे वाचू पाहणाऱ्यांसाठी. पेशवेकालीन किंवा नंतरच्या महसुली कागदात ‘अमका बिन तमका’ असे आढळले तर तेथे ‘विना’चा संबंध नाही. तो अरबी ‘बिन’, अर्थ ‘मुलगा’. हा उपसर्गही नव्हे आणि नकारही नव्हे. उलट बापाशी नाते सांगणारा तो शब्द आहे.

फारसीचा विषय निघाला आहे तर इराणकडेच वळू. संस्कृत ‘अमृत’, ‘अमर्त्य’, ग्रीक ‘अम्ब्रोतोस’, लॅटिन ‘इम्मोर्तालिस’, हे सारे मृत्यूला नाकारणारे शब्द एकाच नकाराचे आणि एकाच ‘मृ’चे आहेत, ग्रीक देवांचे खाद्य ‘अँब्रोशिया’ हे आपल्या अमृताचेच भावंड. झरथुष्ट्री धर्मग्रंथांच्या अवेस्ता भाषेत ‘अमरेतात्’ म्हणजे अमरत्व. ते एका दैवी शक्तीचे नाव आहे, आणि तिच्यावरून पाचव्या महिन्याचे नाव पडले. मुंबईचे पारशी आजही त्या महिन्याला ‘अमरदाद’ म्हणतात. इराणमध्ये मात्र उच्चाराच्या ओघात आरंभीचा ‘अ’ झिजून गेला आणि महिना झाला ‘मुर्दाद’. फारसीत ‘मुर्द’ म्हणजे मेला. मराठीतला ‘मुडदा’ त्याच घरचा. एक ऱ्हस्व स्वर गळाला आणि अमरत्वाचे मरण झाले. तरीही तो महिना इराणच्या अधिकृत सौर पंचांगात याच नावाने सुखेनैव चालू आहे. सासानी सम्राट पहिला खुसरो याचे बिरुद ‘अनोशग-रवान’, म्हणजे अमर आत्म्याचा. त्याचाही आरंभीचा ‘अ’ गळून ‘नौशेरवान’ झाले, आणि जमशेटजी टाटा यांच्या वडिलांचे ‘नसरवानजी’ हे नाव त्याच मुळाचे.

‘अ’ गळाल्यामुळे काय होते ते येथे दिसले. नसलेला ‘अ’ आहे असे मानल्यामुळे काय झाले, त्याची कथा याहून मोठी आहे, आणि तिचा धागाही इराणपर्यंत जातो. ‘असुर’ हा शब्द आपण ‘सुर नव्हे तो’ असा फोडतो. देव ते सुर, त्यांचे वैरी ते असुर. रामायणाच्या बालकांडात समुद्रमंथनाच्या प्रसंगी याचे एक स्पष्टीकरणही दिले आहे. वारुणी वर आली तेव्हा अदितीच्या पुत्रांनी तिचा स्वीकार केला म्हणून ते सुर, दितीच्या पुत्रांनी केला नाही म्हणून ते असुर. दारूबंदीच्या समर्थकांना ही कथा अडचणीची वाटेल, हे उघडच आहे. पण ऋग्वेद उघडला की अडचण वेगळीच उभी राहते. तेथे वरुण असुर आहे, मित्र असुर आहे, अग्नी आणि इंद्र यांनाही असुर म्हटले आहे, आणि ते गौरवाने. तेथे ‘असुर’ म्हणजे सामर्थ्यवान, स्वामी. ‘असु’ म्हणजे प्राण, त्याच्याशी या शब्दाचा संबंध परंपरेनेही जोडला आहे. इराणी शाखेत ‘स’चा ‘ह’ होतो, जसे सप्तचे हप्त, सोमचे होम. त्याप्रमाणे असुरचे ‘अहुर’ झाले, आणि ‘अहुर मज्द’ हे तेथे परमेश्वराचे नाव ठरले. मुंबईतल्या एखाद्या ‘होरमसजीं’च्या नावात आरंभीच हा असुर मानाने बसलेला आहे.

भारतात मात्र हळूहळू या शब्दाला वाईट अर्थ चिकटला. तो का, याविषयी विद्वानांत पुष्कळ वाद आहेत आणि ते मिटलेले नाहीत. आपल्या विषयापुरती महत्त्वाची गोष्ट पुढे घडली. असुर म्हणजे देवांचे शत्रू हे रूढ झाल्यावर लोकांच्या कानाला त्यातील ‘अ’ हा ‘अधर्म’, ‘असत्य’ यांतल्या ‘अ’सारखा ऐकू येऊ लागला. असुर म्हणजे वाईट. मग ‘अ’ काढला की चांगला उरला पाहिजे. उरला तो ‘सुर’. ऋग्वेदात देव या अर्थी ‘सुर’ हा शब्दच नाही. तो नंतर जन्मला आणि असुरापासून जन्मला. आज ज्यांची नावे सुरेश, सुरेंद्र आहेत त्यांच्या नावाचा पूर्वार्ध अशा एका चुकीच्या संधिविच्छेदाची देणगी आहे. चुकीचा म्हणायचे ते इतिहासाच्या दृष्टीने. भाषेने एकदा स्वीकारलेला शब्द चूक राहत नाही.

हे एकदाच घडले असते तर अपवाद म्हणून सोडून देता आले असते. पण ‘असित’ म्हणजे काळा हा शब्द वेदांत जुना आहे. चिनाब नदीचे वैदिक नाव ‘असिक्नी’, काळी, हे त्याच्याच कुळातले. त्यातही लोकांना नकार ऐकू आला आणि ‘सित’ म्हणजे पांढरा हा शब्द तयार झाला.

तिसरे उदाहरण केवळ शब्दांपुरते राहत नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे प्रकार गावात होऊ द्यायचे नाहीत, असा तो ठराव. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. पुढे एप्रिल २०२३ मध्ये ‘विधवा’ या शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ असा उल्लेख करावा काय, यावर विचार करण्याची सूचना महिला व बालविकास मंत्र्यांनी आपल्या विभागाला केली. त्यावर टीका झाली आणि असा कोणताही निर्णय झालेला नाही असा खुलासा करण्यात आला. ‘गं. भा.’ ही अक्षरे जुन्या लग्नपत्रिकांवर ज्यांनी वाचली आहेत त्यांना टीका का झाली हे सांगण्याची गरज नाही. त्या अक्षरांनी कोणाचाही मान वाढला नव्हता, फक्त ओळख पटत होती.

‘विधवा’ या शब्दाविरुद्ध नेहमी दिला जाणारा आक्षेप असा की त्यात बाईचे स्वतःचे काहीच नाही. ‘धव’ म्हणजे पती, ‘वि’ म्हणजे विना. पती नसलेली ती विधवा. तिची ओळख एका गैरहजर माणसावरून. शब्द खरोखर तसा बनला असता तर आक्षेप बिनतोड होता. पण तो तसा बनलेला नाही.

लॅटिनमध्ये ‘विदुआ’, रशियनमध्ये ‘व्दोवा’, जर्मनच्या जुन्या बहिणीत, गॉथिकमध्ये, ‘विदुवो’, इंग्रजीत ‘विडो’. यांपैकी कोणत्याही भाषेत ‘धव’ नाही, आणि पती या अर्थाचा त्याच्याशी जुळणारा शब्दही नाही. म्हणजे हा शब्द ‘वि’ आणि ‘धव’ असा जोडलेला नसून मुळातच एकसंध आहे, आणि या सर्व भाषांच्या समाईक पूर्वजापासून चालत आला आहे. त्याच्या धातूचा अर्थ रिकामे होणे, दुरावणे. लॅटिनमध्ये ‘विदुउस’ हे विशेषण कोणत्याही वंचित, रित्या गोष्टीला लागत असे. फारसीत याच शब्दाचे झिजून ‘बेवा’ झाले, आणि तेथून ते उर्दू-हिंदीत आले. गंमत अशी की ‘बेवा’ हा शब्द ‘बेघर’, ‘बेकार’ यांच्या माळेतला दिसतो. तेथेही ‘बे’ म्हणजे विना असे वाटते, आणि तेथेही तो उपसर्ग नाहीच. एकाच शब्दाला दोन भाषांत दोन वेगवेगळ्या नकारांचा भास चिकटला. विनापण या शब्दावर लादण्याची माणसाला किती घाई!

मग ‘धव’ आला कोठून? जसा ‘सुर’ आला तसाच. ‘विधवा’ हा शब्द ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आहे. नंतरच्या लोकांनी त्यात ‘वि’ पाहिला, तो वेगळा काढला, आणि उरलेल्या ‘धव’ला मनुष्य, पुढे पती असा अर्थ दिला. इसवी सनापूर्वी काही शतके यास्काने निरुक्तात या शब्दाची फोड केली तेव्हा त्याने एक नव्हे, अनेक पर्याय दिले. जिला आधार देणारा नाही ती; जी थरथर कापते ती; चर्मशिरस् नावाच्या आचार्यांच्या मते जी इकडेतिकडे धावत राहते ती; आणि सर्वांत शेवटी, धव हे मनुष्याचे नाव असून त्याचा वियोग झाला म्हणून विधवा. ज्याला उत्तर नक्की ठाऊक असते तो चार उत्तरे देत नाही. पण पुढच्या कोशांनी शेवटचे उत्तर उचलले. अमरकोशात ‘धव’ हा पतिवाचक शब्द म्हणून स्थिर झाला, त्यावरून ‘सधवा’ बनला. ‘माधव’ म्हणजे ‘मा’चा, लक्ष्मीचा, ‘धव’ अशी फोडही लोकप्रिय झाली. खरे तर मनूचा मानव, रघूचा राघव, यदूचा यादव, तसा मधूचा माधव. त्याला लक्ष्मीच्या नवऱ्याची गरज नव्हती.

म्हणजे क्रम असा. आधी विधवा, मग धव, मग सधवा. सौभाग्य सांगणारा शब्द वैधव्य सांगणाऱ्या शब्दातून कापून काढलेला आहे. इंग्रजीतही जवळपास हेच घडले. पत्नी गमावलेल्या पुरुषाला ‘विडोअर’ म्हणतात, आणि तो शब्द ‘विडो’ला प्रत्यय लावून बनवला आहे. स्त्रीचा शब्द मूळचा, पुरुषाचा साधित. इतर बहुतेक जोड्यांत उलट असते. या एका जोडीत तसे नाही, याचे कारण भाषाशास्त्रात शोधण्याची गरज नाही. जोडीदार गेल्यावर ज्याला पुन्हा लग्न करता येत होते त्याला कायमचे नाव देण्याची निकड समाजाला भासली नव्हती.

व्युत्पत्ती बदलल्याने हेरवाडच्या कोणा स्त्रीची बांगडी वाचत नाही. ती ग्रामसभेच्या ठरावाने वाचते, तोही पाळला गेला तर. परंतु ‘विधवा’ हा शब्द टाकून द्यायचा की ठेवायचा, हे ठरवणाऱ्यांनी निदान तो नवऱ्याच्या नावाने बनला आहे हे कारण पुढे करू नये. मराठीत आज ‘धव’ स्वतंत्रपणे कोणी वापरत नाही. तो उरला आहे तो ‘सधवा’त, ‘माधव’च्या चुकीच्या फोडीत, आणि ज्या शब्दातून तो कापून घेतला त्या ‘विधवा’त.